रिपोर्ट नॉर्मल, पण गाठ आहे

वर्षावासातला रविवार होता. पोलादपूर तालुक्यातले उमरठ हे गाव तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीमुळे सगळ्यांना माहीत आहे. त्या परिसरातल्या एका वाडीत ग्रंथवाचन संपल्यावर आम्ही आरोग्याची बैठक घेतली. लावणी आटोपली होती, बाहेर पाऊस धरून होता, त्यामुळे बायका बऱ्यापैकी आल्या. बैठक संपता संपता एक मावशी पिशवीतून प्लॅस्टिकची फाईल काढत जवळ आल्या. वय पंचावन्नच्या आसपास. मुलगा मुंबईला वस्तीत राहतो. तिथे एका खासगी लॅबने टेबल टाकून ‘संपूर्ण शरीर तपासणी’चे पॅकेज विकले, मुलाने आईच्या काळजीपोटी पैसे भरले आणि रक्त काढून घेतले. चार पानी रिपोर्टात एका ओळीखाली पेनाने रेघ मारली होती : सीए १५-३, आकडा १९, शेजारी ‘नॉर्मल’.

मावशी म्हणाल्या, “डाव्या अंगाला गाठ हाय. भीमजयंतीच्या आधीपासून. पण दुखत नाय. आणि पोरगा बोलला, आये, कॅन्सरची टेस्ट नॉर्मल आलीय, आता घोर लावून घेऊ नको.”

विहाराच्या मागच्या खोलीत साडी आडवी धरून आम्ही तपासले. सुपारीएवढी गाठ, कडक, कडा वेड्यावाकड्या, बोटाखाली न सरकणारी. काखेतही एक बारीक गाठ लागली. मुलाने चूक केली असे आम्ही म्हणणार नाही. त्याने कष्टाचे पैसे आईसाठी घातले. पण तो आकडा कसला आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. खरे सांगायचे तर आम्ही जनरल नर्सिंगचा डिप्लोमा केला तेव्हा आम्हालाही कोणी सांगितले नव्हते. रिपोर्ट चिकटवायचा आणि डॉक्टरांसमोर ठेवायचा, एवढेच शिकलो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर त्या एका ओळीचा अभ्यास करू. विषय थोडा प्रयोगशाळेतला आहे, पण दहावी न झालेल्या मावशींनाही तो त्याच दिवशी समजला, तेव्हा घाबरू नये.

पेशीवरचा ब्रश

आपल्या शरीरात जिथे जिथे ओलसर अस्तर आहे, म्हणजे तोंड, नाक, आतडे, गर्भाशयाचे मुख, दुधाच्या नळ्या, तिथे एक बुळबुळीत पदार्थ असतो. भेंडी चिरताना हाताला येते तसा बुळबुळीतपणा. हा गुण ज्या पदार्थामुळे येतो त्याला म्युसिन म्हणतात. काही म्युसिन पेशी बाहेर सोडते. नाकातला शेंबूड तो. काही म्युसिन मात्र पेशीच्या अंगावरच, मुळासकट रोवलेले असते. स्तनाच्या पेशींवर जे मुख्य रोवलेले म्युसिन असते त्याला शास्त्रज्ञांनी मक-१ असे नाव दिले आहे.

ते दिसते कसे? बाळाची दुधाची बाटली धुण्याचा ब्रश डोळ्यांसमोर आणा. मधली तार म्हणजे प्रथिन. तारेभोवतीचे केस म्हणजे साखरेच्या साखळ्या. तारेत वीस कड्यांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कोणात हा तुकडा पंचवीस-तीस वेळा, कोणात शंभराच्या वर. त्यामुळे तारेची लांबी बाईगणिक वेगळी. पेशीवरच्या इतर गोष्टी गवतासारख्या खुज्या असतात, हा ब्रश त्यांच्यातून माडासारखा वर निघतो.

साखर म्हटल्याबरोबर बैठकीत एकीने विचारले, “म्हणजे चहा बंद करू का?” नाही. ही चहातली साखर नाही आणि मधुमेहात वाढते तीही नाही. या साखरेच्या साखळ्या पेशी स्वतः विणते आणि त्या पेशीच्या ओळखपत्रासारख्या असतात. यातले सगळ्यांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे रक्तगट. ए, बी, ओ म्हणजे तांबड्या पेशीवरच्या साखळीचे टोक. टोकाला एक साखर बसली की ए, दुसरी बसली की बी, दोन्ही बसल्या की एबी, कोणतीच नाही तर ओ. एवढ्याशा फरकावरून रक्त चालते की जिवावर बेतते ते ठरते. आणि या फरकाचा जातीशी, कुळाशी काही संबंध नाही, हे रक्तदान शिबिरात बाटली देताना आणि घेताना आपण पाहतोच.

आता दुधाच्या नळीत येऊ. नळीच्या आतल्या बाजूला पेशी ओळीने बसलेल्या असतात, गल्लीकडे तोंड करून बांधलेल्या घरांसारख्या. निरोगी पेशीचा ब्रश फक्त गल्लीकडे, म्हणजे नळीच्या पोकळीकडे असतो. मागच्या बाजूला, जिथून रक्तवाहिन्या जातात, तिथे तो जवळपास नसतो. ब्रशचे काम नळी ओली ठेवणे, चिकटू न देणे, जंतूंना पेशीपर्यंत पोहोचू न देणे. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधात चरबीचे जे बारीक थेंब असतात ते पेशीतून बाहेर पडताना पेशीचाच पातळ पदर गुंडाळून निघतात. म्हणून मक-१ आईच्या दुधातही असते. शास्त्रज्ञांना त्याची ओळख व्हायला हेच दूध कारणी लागले.

कर्करोग झाला की गल्लीची शिस्त मोडते. पेशींना पुढचे-मागचे भान राहत नाही. ब्रश चारही अंगांनी उगवतो आणि बहुतेक स्तनाच्या कर्करोगांत तो पूर्वीपेक्षा कितीतरी दाट होतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे : ब्रशचे केस आखूड होतात. निरोगी पेशी साखळी लांब, फांद्या फुटलेली विणते. कर्करोगाची पेशी दोन-तीन साखरा जोडते आणि वरून सियालिक आम्ल नावाची टोपी घालून साखळी बंद करते. त्यामुळे आतले जे भाग एरवी झाकलेले असतात ते उघडे पडतात.

याचा फायदा रोगाला होतो. दाट ब्रशामुळे पेशी एकमेकींना घट्ट धरून बसत नाहीत, त्यामुळे सुटून निघणे सोपे जाते. शरीराचे पहारेकरी, म्हणजे पांढऱ्या पेशी, जवळ आल्या तर ब्रश त्यांना अंग लागू देत नाही. ती टोपी दिसली की काही पहारेकरी हा आपलाच माणूस आहे असे समजून गप्प बसतात. आणि रक्तात उतरलेल्या पेशीला वाहिनीच्या भिंतीला चिकटायला या उघड्या आखूड साखळ्या मदत करतात, असेही प्रयोगांत दिसले आहे. मक-४ नावाचे दुसरे एक लांब म्युसिन आहे. काही कर्करोग-पेशींत त्याने हर-२ नावाचा पृष्ठभागावरचा खुंट झाकून टाकला आणि त्या खुंटावर जाऊन बसणारे औषध तिथे पोहोचलेच नाही, असे प्रयोगशाळेत आढळले. पेशीवरचा हा बुळबुळीत पदर असा कामाचा आहे आणि असा घातही करतो.

कुळीथ आणि आठळी

हे सगळे इतके बारीक आहे तर लोकांना कळले कसे, हा प्रश्न बैठकीत आला नाही, पण यायला हवा होता. उत्तर आपल्या चुलीपाशी आहे म्हणून सांगतो. काही बियांमध्ये विशिष्ट साखर ओळखून तिला पकडणारी प्रथिने असतात. रक्तपेढीत ए गटातले ए१ आणि ए२ हे पोटप्रकार ओळखायला जे द्रावण वापरतात ते कुळथातून काढतात. ज्या कुळथाचे पिठले करून आपण पावसाळा काढतो, तोच कुळीथ.

आणि फणसाच्या आठळीत जॅकलिन नावाचे प्रथिन आहे. फणसाच्या इंग्रजी नावावरूनच त्याला हे नाव पडले. कर्करोग-पेशीवर जी आखूड साखळी उघडी पडते, तिच्यातल्या एका जोडीला टी प्रतिजन म्हणतात. जॅकलिन नेमकी ती जोडी ओळखते आणि धरते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९९६ साली जॅकलिनची घडी कशी असते आणि ती साखरेला कोणत्या खाचेत धरते, ते उलगडून जगापुढे मांडले. शेंगदाण्यातही टी प्रतिजन पकडणारे असेच एक प्रथिन आहे. प्रयोगशाळेत पेशी रंगवायला, निवडायला अशी प्रथिने वापरतात.

आता इथे थांबून एक गोष्ट नीट ऐका. आठळ्या खाऊन कर्करोग बरा होत नाही. टळतही नाही. आठळी उकडली की त्या प्रथिनाची घडी मोडते, आणि काचेच्या बशीतल्या पेशीवर जे घडते ते पोटातून गेलेल्या घासाने छातीत घडत नाही. आठळी चविष्ट आहे, पोटभरीची आहे, भाजीत घालावी. पण उद्या कोणी ‘संशोधनाने सिद्ध’ असे छापलेली आठळीची पावडर विकायला आला तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नये. अंगारा विकणारा आणि पावडर विकणारा यांत आम्हाला तरी फरक दिसत नाही. दोघेही रोग्याचे तीन-चार महिने खातात आणि या रोगात तेवढे महिने फार मोलाचे असतात.

मग सीए १५-३ म्हणजे काय?

पेशीच्या चारही अंगांनी आलेल्या ब्रशांचे तुकडे तुटतात आणि मागच्या बाजूने रक्तात मिसळतात. हे तुकडे मोजण्याची तपासणी म्हणजे सीए १५-३. त्यात दोन प्रतिपिंडे वापरतात. एक आईच्या दुधातल्या चरबीच्या थेंबावरून तयार झाले, दुसरे पसरलेल्या स्तन-कर्करोगाच्या पेशींवरून. दोन्ही मिळून रक्तातला मक-१ चा तुकडा चिमटीत धरतात. बहुतेक लॅब ३० च्या आसपासचा आकडा मर्यादा मानतात.

सुपारीएवढ्या गाठीतून किती तुकडे रक्तात येणार? फार थोडे. अंगातल्या चार-पाच लिटर रक्तात ते हरवून जातात. पहिल्या टप्प्यातल्या दहा बायकांत एखाद-दुसरीचाच आकडा वाढलेला सापडतो. रोग हाडांत, यकृतात, फुप्फुसात पोहोचला की मग दहातल्या सात-आठ जणींचा वाढतो. म्हणजे जेव्हा कळण्याचा उपयोग सर्वांत जास्त, तेव्हा ही तपासणी गप्प बसते.

आणि उलटेही होते. यकृताचा आजार, बीजकोशातली साधी गाठ, गरोदरपण, अंगावर पाजणे, यांतही आकडा वर जाऊ शकतो. अशा बाईला कर्करोग नसतो, पण कागद पाहून घर रडायला बसते. मग पुढच्या तपासण्या, आणखी पैसे.

म्हणून निरोगी बाईत कर्करोग शोधायला ही तपासणी वापरू नये, असे कर्करोगतज्ज्ञांच्या संघटना स्पष्ट सांगतात. तिचे काम वेगळे आहे. ज्या बाईचा रोग ठरला आहे, विशेषतः पसरला आहे, तिच्या उपचाराचा गुण येतो की नाही हे पाहायला डॉक्टर इतर तपासण्यांच्या जोडीने ती दर काही आठवड्यांनी करतात. तिथेही एकट्या आकड्यावर निर्णय होत नाही. नवीन औषध सुरू केल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत मरणाऱ्या पेशींचे तुकडे सुटून काहींचा आकडा काही काळ वाढू शकतो, मग उतरतो. तुमच्या घरात कोणाचे उपचार चालू असतील आणि त्या काळात आकडा वाढलेला दिसला तर औषध बंद करून घरी येऊ नका, डॉक्टरांना विचारा.

तपासणी वाईट नाही. ती चुकीच्या जागी विकली जाते, हा आमचा राग आहे. टेबल टाकून बसलेला मुलगा महिन्याच्या टार्गेटवर बसलेला असतो. त्याच्यावरही रागावून उपयोग नाही. पण पॅकेजच्या यादीत ही ओळ दिसली की पैसे भरण्याआधी विचारा : छाती हाताने कोण तपासणार?

वस्तीतल्या बायकांनी दिलेला पुरावा

हाताने तपासून काय कळते, असे शिकलेली माणसेही म्हणतात. त्याचे उत्तर मुंबईच्या वस्त्यांतूनच आले आहे. १९९८ साली टाटा मेमोरियल रुग्णालयाने गरीब वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांना घेऊन एक मोठा अभ्यास सुरू केला. प्रमुख होते डॉ. इंद्रनील मित्रा. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, बायकांची छाती हाताने तपासत होत्या. यंत्र नाही, फक्त बोटे. उरलेल्या वस्त्यांत एकदा माहिती दिली आणि पुढे फक्त विचारपूस केली. वीस वर्षे दोन्हीकडच्या बायकांची नोंद ठेवली आणि २०२१ साली निकाल छापला.

हाताने तपासलेल्या गटात उशिराच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या बायका शंभरात ३७ होत्या. दुसऱ्या गटात ४७. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे, कारण अर्धेच सांगणे हा फसवणुकीचाच प्रकार आहे. तरी लवकर सापडलेल्या गाठीचे ऑपरेशन लहान होते, उपचार कमी जड जातात, हे कोणत्याही वयाला लागू आहे. ज्या वस्त्यांना फक्त माहिती मिळाली, तपासणी नाही, त्यांच्याबद्दल आमच्या मनात प्रश्न आहेत. ते प्रश्न बाहेरही विचारले गेले. पण त्या दोन्ही बाजूंच्या बायका तुमच्याआमच्यासारख्याच होत्या, धुणीभांडी करणाऱ्या, कागद वेचणाऱ्या, आणि आज आम्ही जे ठामपणे लिहितो ते त्यांच्या जिवावर लिहितो.

मुंबईतल्या संशोधनाविषयी बोलताना आणखी एक नाव सांगावेसे वाटते, डॉ. कमल रणदिवे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या या बाईंनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी काचेत वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली आणि स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी काय संबंध आहे यावर काम केले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. नंतर अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या आहाराच्या कामातही त्या होत्या. प्रयोगशाळेतून पाड्यावर जाणारी बाई म्हणून आम्हाला त्या जवळच्या वाटतात. ते केंद्र आता खारघरला आहे, मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्या रायगडकरांना परळपेक्षा जवळ.

काय पाहायचे, कुठे जायचे

महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी, आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने पाहा. पाळी गेलेली असेल तर कोणतीही एक तारीख धरा. बोटांची टोके टोचायची नाहीत. मधल्या तीन बोटांचा सपाट भाग ठेवून हलके, मग थोडे दाबून, गोल गोल फिरवत पूर्ण छाती आणि काख तपासायची. गाठ लागते का, बोंड आत ओढले गेले आहे का, त्यातून रक्त किंवा लालसर पाणी येते का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची झाली आहे का, एका बाजूचा आकार बदलला आहे का. दुखते की नाही याच्यावर जाऊ नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, आणि त्यामुळेच ती लपून राहते. बहुतेक गाठी साध्याच निघतात, विशेषतः तरुण मुलींच्या. पण साधी आहे हे तपासल्यावर ठरते. पुरुषांनाही हा रोग होतो, क्वचित. बाप्यांनी गाठ लागल्यास लाजू नये.

तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक बाईचा आशाताईने एक फॉर्म भरायचा असतो, त्यात छातीतल्या गाठीचा प्रश्न आहे. उपकेंद्रावर, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, दर पाच वर्षांनी छातीची तपासणी करून घेण्याचा आपला हक्क आहे. आशाताई विचारायला लाजत असेल तर तुम्ही आठवण करा. तपासायला बाई हवी असे मोकळेपणाने सांगा. तिथून पोलादपूर किंवा महाडचे सरकारी रुग्णालय, पुढे अलिबागचे जिल्हा रुग्णालय, आणि गरज पडल्यास खारघर किंवा परळ. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड पिशवीत ठेवूनच निघावे, नाहीतर एक एसटी फुकट जाते.

गाठीत सुई घातली की रोग पसरतो, ही भीती घरोघरी आहे. ती खरी नाही. सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि सुईने काढलेला तुकडा, या तीन गोष्टींशिवाय गाठ कसली आहे हे कोणीही सांगू शकत नाही, लॅबचा आकडा तर नाहीच. भारतात २०२२ साली अंदाजे १ लाख ९२ हजार बायकांना हा रोग झाला आणि सुमारे ९८ हजार बायका गेल्या. त्यांतल्या अनेकींच्या घरात अशीच कोणतीतरी समजूत गाठीच्या आड उभी राहिलेली असणार.

मावशींची सुई झाली, रोग निघाला, दुसऱ्या टप्प्यातला. मुलगा फोनवर बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, “ताई, पण टेस्ट?” ऑपरेशनच्या आधी रुग्णालयात तीच तपासणी पुन्हा केली होती, तेव्हाही आकडा २१ होता. मावशींची केमोथेरपी आता संपत आली आहे. गेल्या बैठकीला त्या डोक्याला रुमाल बांधून आल्या आणि दोन्ही जावांना सोबत घेऊन आल्या. मागच्या खोलीत साडी त्यांनीच धरली.